नाकाचा पडदा सरळ करतानाच नाकाचा उंचवटाही काढून घ्यावा का?

जास्वंदी
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

मला डाव्या नाकपुडीने जवळजवळ श्वासच घेता येत नाही. शाळेत लंगडी खेळताना तोंडावर आपटले होते. तेव्हापासून आतला पडदा वाकडा आणि वर नाकाच्या दांड्यावर एक उंचवटा. रात्रभर तोंड उघडं, सकाळी घशाला कोरड. सर्दी आली की घरच्यासारखी राहते. गोळ्या, फवारे, वाफ, जलनेती सगळं करून झालं. आता कान-नाक-घसा डॉक्टरांनी सेप्टोप्लास्टी (आतला पडदा सरळ करायची शस्त्रक्रिया) सुचवली आहे. सीटी स्कॅनही झालाय.

खरा प्रश्न पुढे आहे. डॉक्टर म्हणाले की हवं असेल तर त्याच भुलीत बाहेरचा उंचवटा आणि वाकलेला दांडाही नीट करता येईल, सोबत प्लास्टिक सर्जन असतील. मला ते हवंय. कॉलेजपासून हवंय. पण घरात हा विषय निघाल्यापासून रणधुमाळी आहे. आई म्हणते, श्वासाचं काय ते कर, पण देवाने दिलेलं नाक बदलून तू काय सिनेमात जाणार आहेस? नवरा म्हणतो, मला तू आहेस तशीच आवडतेस. (ऐकायला गोड आहे, पण हे उत्तर झालं का?)

दोन्ही एकदम केलेलं कुणी आहे का इथे? त्रास किती होतो, ऑफिसला कधी जाता येतं, विमा काय देतो? 'करू नकोस' म्हणणाऱ्यांचंही स्वागत आहे, फक्त कारण द्या.

भोचक_भवानी
आधी फोटो टाका, मग सल्ला.

जास्वंदी
फोटो मिळणार नाही :)

शेंगदाणे
चहा घेऊन मागच्या बाकावर बसलो आहे. दुसऱ्याच्या नाकात नाक खुपसायची संधी रोज येत नाही.

सिंहगडरोड
माझ्या धाकट्या भावाचं सांगतो. 'नाकाचं हाड वाढलंय' म्हणून ऑपरेशन केलं. दोन-तीन महिने एकदम मोकळं, मग पुन्हा चोंदायला लागलं. दुसऱ्या डॉक्टरांनी ॲलर्जीची तपासणी केली तर धुळीतले कीटक आणि गाजरगवत, दोन्ही निघाले. आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर पावसाळ्यानंतर कमरेएवढं गाजरगवत असतं. पडदा सरळ झाला, पण नाकाच्या आतली सूज तशीच राहिली. त्यामुळे जास्वंदी, ॲलर्जीचं आधी बघितलंय ना?

कर्णपिशाच्च
कान-नाक-घशाचाच डॉक्टर आहे, म्हणून जरा लांब लिहितो. धाग्यावरून निदान होत नाही, हे गृहीत धरा.

सिंहगडरोड यांचा मुद्दा अगदी बरोबर आहे. लोक ज्याला 'हाड वाढलंय' म्हणतात त्यात बहुतेक वेळा काही वाढलेलं नसतं. दोन नाकपुड्यांमधला पडदा पुढे कूर्चेचा (म्हणजे लवचिक, मऊ हाडाचा) आणि मागे हाडाचा असतो. तो एका बाजूला वाकला की तिकडची वाट अरुंद होते. पण थोडाफार वाकडा पडदा असंख्य लोकांना असतो आणि त्यांना काही होत नाही. नाकाच्या बाजूच्या भिंतींवर टर्बिनेट नावाचे मांसल कंगोरे असतात. ते ॲलर्जीने सुजले तर सरळ पडद्याचं नाकही बंद. शिवाय दर काही तासांनी एक नाकपुडी थोडी बंद आणि दुसरी मोकळी, असा पाळीपाळीने चालणारा क्रम बहुतेकांच्या नाकात असतो. 'कधी ही बंद, कधी ती' अशी तक्रार असेल तर सुरीकडे घाईने जाऊ नये. जास्वंदी यांची कायम डावीच बंद आहे आणि औषधं करून झाली आहेत. हे पडद्याकडे बोट दाखवतं.

आता दोन्ही एकत्र करण्याबद्दल. पडदा म्हणजे तंबूचा मधला खांब. खांब कलला की वरचं कापडही कलतं. पडद्याचा वरचा किंवा पुढचा भागच वाकडा असेल तर बाहेरच्या दांड्याला हात न लावता आतलं पूर्ण सरळ करणं अवघड जातं. अशा वेळी दोन्ही एकत्र करणं हा नुसता हौसेचा प्रश्न राहत नाही. दुसरी बाजूही आहे. फक्त दिसण्यासाठी उंचवटा जास्त तासला तर नाकाचा मधला भाग चिमटला जातो आणि चांगला चालणारा श्वास बिघडतो. म्हणून उंचवटा काढल्यावर पडद्यातल्याच कूर्चेच्या पट्ट्या आत आधाराला लावतात. सर्जनला नेमकं हे विचारा: उंचवटा काढल्यावर आधार कशाने देणार?

घरी करून बघायची एक गोष्ट. बंद बाजूच्या नाकपुडीशेजारचा गाल दोन बोटांनी हलकेच बाहेर ओढा आणि श्वास घ्या. एकदम मोकळं वाटलं तर अडचण नाकाच्या झडपेपाशी (आतल्या सगळ्यात अरुंद जागेपाशी) असू शकते. ते डॉक्टरांना सांगा. नुसत्या पडद्याच्या ऑपरेशनने ते सुटत नाही.

शेंगदाणे
सगळा धागा गाल ओढून बसलाय असं चित्र डोळ्यासमोर आलं.

भोचक_भवानी
मी ओढला. सासूबाई विचारतायत, दाढ दुखते का.

मोगरा
मी विरोधात. श्वासाच्या नव्हे, उंचवट्याच्या. बाईच्या नाकावर या समाजाने किती वर्षं मोजपट्टी लावलीय! चाफेकळी नाक हवं, बसकं नको, पोपटाची चोच नको. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं ही म्हण आपलीच. बघायला आलेल्या बायका चहा पिता पिता नाकावर शेरा मारून जायच्या. आणि आता फोन हातात आला. हात लांब करून काढलेल्या फोटोत नाक मोठंच दिसतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये हिशोब करून दाखवला होता: १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा साधारण ३० टक्के रुंद भासतं. म्हणजे जे नाक तुम्हाला खुपतंय ते कदाचित तुमचं नाहीच, कॅमेऱ्याचं आहे.

जास्वंदी
मोगरा, मुद्दा पटतो. पण माझा उंचवटा फोनच्या आधीचा आहे गं. शाळेच्या ग्रुप फोटोतही आहे. आणि ते 'देवाने दिलेलं' नाही, लंगडीने दिलेलं आहे. हे आईला सांगितलं तर म्हणाली, लंगडी पण देवानेच खेळायला लावली.

शेंगदाणे
काकूंना माझा दंडवत.

पेशवेकालीन_पाटी
विषय पुण्याच्या आसपासच आहे म्हणून थोडं अवांतर. बाकीचे ओरडतील, पण लिहितोच.

जगातल्या नाकाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना एक माणूस हटकून येतो. नाव कावसजी. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने, विटा करणाऱ्या जातीतल्या, त्याचं नाक नव्याने बसवलं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये त्यावर पत्र छापून आलं, सोबत जेम्स वेल्सने काढलेल्या चित्रावरून केलेली तसबीर.

कृती वाचण्यासारखी आहे. मेणाची पातळ चकती करून हव्या त्या नाकाचा आकार घ्यायचा, ती कपाळावर सपाट ठेवून रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मध्ये एक देठ तसाच ठेवायचा, म्हणजे रक्त चालू राहतं. ती वळवून खाली आणायची. सांध्यावर पाण्यात कालवलेला कात फासलेल्या कापडाच्या पट्ट्या. होय, विड्यातला कात! नंतर तुपात बुडवलेली फडकी. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून आत मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापायचा. हे वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८१४ मध्ये लंडनला तसं ऑपरेशन केलं, आणि कपाळावरून कातडी घेण्याच्या पद्धतीला युरोपात 'भारतीय पद्धत' असं नाव पडलं. कर्करोगात नाक गेलेल्यांसाठी कपाळाची कातडी आजही वापरतात.

सिंहगडरोड
कावसजी म्हणजे पारशी ना?

पेशवेकालीन_पाटी
नाव तसं वाटतं खरं, पण पत्रात स्वच्छ 'मराठा, शेतकरी जातीचा' असं लिहिलंय. इंग्रजाने नाव कसं ऐकलं असेल देव जाणे. विटकर वैद्याचं मात्र नावच दिलेलं नाही. ज्याचं नाक कापलं त्याचं चित्र छापलं, ज्याने जोडलं तो निनावी.

अण्णा_चिपळूण
पाटीसाहेब, सुश्रुताला विसरलात. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने नाक करण्याची कृती आहे. झाडाचं पान नाकाच्या मापाचं कापून घ्यायचं आणि त्या मापाने गालाची कातडी काढायची. जोडल्यावर आत दोन नळ्या घालायच्या, वरून ज्येष्ठमध वगैरेंची पूड आणि तिळाच्या तेलाचा कापूस. नळ्या कशासाठी? श्वासासाठी. तेव्हा दिसणं आणि श्वास ही दोन वेगळी खाती आहेत हे विमा कंपन्यांनी काढलेलं दिसतंय.

प्रीमियम_भरलेला
अण्णांनी विम्याचं नाव काढलंच आहे तर. साधारण नियम असे.

पडदा वाकडा असणं, सायनस, नाकातले मांसांकुर हे बहुतेक पॉलिसींत ठरावीक आजारांच्या यादीत असतात. त्यांना नव्या पॉलिसीत २४ महिने थांबावं लागतं. त्यानंतर सेप्टोप्लास्टीचा दावा मिळतो. दिसण्यात बदल करणारी शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना आणि वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार यांना मात्र सूट आहे. लहानपणी पडून नाक मोडलं होतं, हे कागदोपत्री दाखवता येत असेल तर बोलून बघा, पण फार आशा ठेवू नका. नुसत्या सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर जीएसटीही लागतो, उपचारासाठीच्या नाही. दोन्ही एकत्र करणार असाल तर दोन वेगळी अंदाजपत्रकं घ्या आणि पूर्वमंजुरी आधी घ्या.

चुळबुळ
सोप्पंय. डॉक्टरांना सांगायचं, सगळं सेप्टोप्लास्टीच्या नावाने लिहा. सगळे करतात.

कर्णपिशाच्च
सगळे करत नाहीत. विमा कंपनी शस्त्रक्रियेच्या नोंदी मागवते, फोटो मागवते, आणि उंचवटा गायब झालेला फोटोत दिसतो. दावा तर जातोच, पुढच्या आयुष्यातल्या दाव्यांकडेही ते संशयाने बघतात. आणि डॉक्टर इथे खोटं लिहायला तयार असेल तर आणखी कुठे काय लिहील, याचाही विचार करा.

चुळबुळ
बरं बाबा. नाक दाबलंत.

नारळीभात
मी दोन्ही एकत्र केलंय, मुंबईत, लग्नानंतर. तेव्हा नाकात बोळे घालायचे. आता म्हणे सिलिकॉनच्या पातळ पट्ट्या घालतात, बोळे क्वचितच. तुम्ही नशीबवान.

दुखलं म्हणाल तर फारसं नाही. त्रास झाला तो तोंडाने श्वास घेत झोपण्याचा. घोट गिळताना कानात दडे बसायचे. डोळ्यांखाली निळंजांभळं, त्यावर हाडाला आधार म्हणून कडक पट्टी. सोसायटीत दूधवाल्यापासून सगळ्यांनी माझ्या नवऱ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते तो बिचारा अजून विसरलेला नाही. आठवड्याने पट्टी निघाली, दहा-बारा दिवसांत निळेपणा गेला. कामावर दोन आठवड्यांनी गेले, त्याआधी जाववलं नसतं. शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं, नाक शिंकरायचं नाही, वाकून केर काढायचा नाही. (हा शेवटचा नियम मी बराच काळ ताणला.)

निकाल लगेच दिसतो अशी समजूत करून घेऊ नकोस. पट्टी काढली तेव्हा नाक बटाट्यासारखं होतं. शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागलं आणि तोवर शेंडा बधिर होता. जवळच्या माणसांशिवाय कुणाच्याही लक्षात आलं नाही, हे ऐकून तुझ्या आईला बरं वाटेल. आजही बारीक वाकडेपणा आहे, मला दिसतो. पण कढीपत्ता फोडणीत पडल्याचा वास दुसऱ्या खोलीत आला त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना तो परत टाकायला लावला होता.

नथीचं विचार. माझं नाक टोचलेलं आहे, भुलीच्या आधी चमकी काढावी लागते, आणि नंतर बरेच महिने जड नथ घालू दिली नाही. त्या वर्षीच्या मंगळागौरीच्या फोटोंत मी बिननथीची आहे.

मोगरा
नारळीभात, छान लिहिलंय. तरी मी माझ्या मतावर ठाम.

बर्लिनकर_जोशी
मोगराताईंना विरोध म्हणून नाही, पण आमच्या गावची गोष्ट. आजच्या पद्धतीच्या नाकाच्या शस्त्रक्रियेचा जनक मानतात तो याकोब योसेफ, पुढे झाक योसेफ, इथलाच. १८९६ मध्ये त्याने एका मुलाचे बाहेर आलेले कान मागे घेतले. पोरं चिडवतात म्हणून तो शाळेत जात नव्हता. यासाठी योसेफला दवाखान्यातून काढलं, कारण दिसण्यासाठी ऑपरेशन करणं तेव्हा गैर मानत. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, त्याच्याकडे एक माणूस आला ज्याने मोठ्या नाकामुळे लोकांत जाणंच टाकलं होतं. योसेफने नाक लहान केलं. त्याचं म्हणणं असं की मनाला होणारा त्रास हाही त्रासच. तो स्वतः ज्यू होता आणि त्याच्याकडे येणाऱ्या कित्येक ज्यूंना 'तसलं' नाक नको होतं, कारण त्या नाकावरून रस्त्यात ओळख पटायची. यात दबाव समाजाचा की इच्छा माणसाची, हे वेगळं कसं करणार?

अवांतरात अवांतर: ऑफिसातली इराणी मैत्रीण सांगते, तेहरानमध्ये लोक नाकावरची पट्टी मिरवतात. आपल्याकडे लपवतात.

मोगरा
वेगळं करता येत नाही, हेच तर माझं दुखणं आहे जोशीबुवा. दबाव खरा आहे म्हणून नाक कापायचं, मग पुढच्या मुलीवर दबाव आणखी वाढतो. योसेफच्या पेशंटला दोष देत नाही मी. जास्वंदीलाही नाही.

एकांडा
मी जन्मतः दुभंगलेल्या ओठाचा. ओठ बाळपणीच शिवला, पण एक नाकपुडी बसलेली आणि पडदा तिरका. नाकाची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगितलं, म्हणून अठराव्या वर्षानंतर सरकारी हॉस्पिटलात शस्त्रक्रिया झाली. श्वास सुधारला. आणि मी लोकांशी बोलताना हात तोंडापुढे धरायचो, तो खाली आला. यातलं कुठलं 'कामाचं' आणि कुठलं 'दिसण्याचं', ते मला विचारू नका.

नारळीभात
एकांडा, __/\__

पुरावा_द्या
इथे सगळे अनुभव सांगतायत, म्हणून जरा आकडे. पडद्याच्या ऑपरेशनचा खरंच उपयोग होतो का याबद्दल बरीच वर्षं शंका होती. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नेदरलँड्समधला अभ्यास आला: २०३ प्रौढ रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत, एका गटाची शस्त्रक्रिया, दुसऱ्याचा त्याशिवाय उपचार. शस्त्रक्रियेचा गट २४ महिन्यांपर्यंत सरस ठरला. २०२३ मध्ये 'बीएमजे' या तशाच दुसऱ्या नियतकालिकात ब्रिटनमधला ३७८ रुग्णांचा अभ्यास, तिथेही सहा महिन्यांनी शस्त्रक्रियावाल्यांची लक्षणं फवारे मारणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी. पण हा पुरावा पडद्याचा आहे, उंचवट्याचा नाही.

बोरकूट
माझी मावसबहीण म्हणते, कापाकापी कशाला, इंजेक्शनने नाक सरळ करून मिळतं, अर्ध्या तासात घरी. ब्युटी क्लिनिकमध्ये. खरं का?

कर्णपिशाच्च
त्याला फिलर म्हणतात. उंचवट्याच्या वरखाली भर घालून रेषा सरळ भासवतात. श्वासात काही फरक पडत नाही, नाक उलट थोडं मोठंच होतं. धोका असा की नाकाच्या रक्तवाहिन्यांचा डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी संबंध आहे. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, आणि दृष्टी गेल्याच्याही घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. मावसबहिणीला सांगा, पार्लरमध्ये भुवया कोराव्यात, नाकात सुई घेऊ नये.

थेंबांबद्दलही सांगतो. नाक लगेच मोकळं करणारे सायलोमेटाझोलिनसारखे थेंब आठवडाभराच्या पुढे सलग टाकले की नाक त्यांच्याशिवाय उघडतच नाही. 'माझं नाक चोंदतं' म्हणून येणाऱ्या कित्येकांच्या खिशात ती बाटली सापडते.

चुळबुळ
डॉक्टर, तुम्हाला माझा खिसा कसा दिसला?

कर्णपिशाच्च
तपासायला या. स्टेरॉइडचा फवारा देऊन हळूहळू सोडवता येतात.

अण्णा_चिपळूण
धागा भरकटलाय. पोरीने विचारलंय काय आणि आपण टिपूपासून बर्लिनपर्यंत फिरून आलो. जास्वंदी, माझं मत: आई आणि नवरा यांना एकदा डॉक्टरकडे सोबत ने. सीटी स्कॅनवर वाकडी रेघ डोळ्यांनी दिसली की अर्धं भांडण मिटतं. उरलेलं अर्धं तुझ्या नाकाचं आहे, त्यात आम्ही कोण?

मोगरा
अण्णांना अनुमोदन. (अर्ध्याला.)

जास्वंदी
सगळ्यांचे आभार. ॲलर्जीची तपासणी झालेली नाही, ती आधी करते. गाल ओढून बघितला, थोडं मोकळं वाटतं. हे दोन्ही डॉक्टरांना सांगणार आहे. त्यांनी आधाराला पडद्याचीच कूर्चा वापरू म्हटलं तर दोन्ही एकत्र करायचा विचार पक्का आहे. विम्यासाठी दोन अंदाजपत्रकं मागितली आहेत. आईशी अबोला चालू आहे, पण नारळीभातचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. 'कुणाच्या लक्षात येत नाही तर पैसे कशाला घालवायचे' असं उत्तर आलं.

एक शेवटचं: मला जाड चष्मा आहे. चष्म्याचं काय करायचं?

कर्णपिशाच्च
नाकाची हाडं हलवली असतील तर साधारण चार ते सहा आठवडे चष्म्याचं वजन दांड्यावर येऊ द्यायचं नाही. कडक पट्टी असेपर्यंत चष्मा पट्टीवर टेकतो. पुढे कॉन्टॅक्ट लेन्स, किंवा चष्मा कपाळाला चिकटपट्टीने टांगायचा. नुसती सेप्टोप्लास्टी असेल तर ही अडचण फारशी येत नाही. लेन्सची सवय आधीच करून घ्या, सुजलेल्या डोळ्यांनी शिकणं कठीण.

शेंगदाणे
चष्मा कपाळाला टांगून सोसायटीच्या मीटिंगला जाणे. कुणी मेंटेनन्स मागणार नाही.

सिंहगडरोड
डॉक्टर, जाता जाता. आमचे बाबा इतके घोरतात की शेजारी तक्रार करतात. त्यांचाही पडदा वाकडा आहे म्हणे. ऑपरेशनने घोरणं जाईल का?

कर्णपिशाच्च
नुसत्या पडद्याने बहुधा नाही, घोरणं बऱ्याचदा घशातून येतं. झोपेत श्वास अडकतो का ते आधी तपासावं लागेल. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो. त्यांचं वय, वजन आणि रक्तदाब किती ते लिहा, आणि दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते का तेही.